कोड ९३: सकाळच्या १८ मिनिटांचा रात्रीपर्यंतचा प्रवास

हे प्रकरण देशांतर्गत सेवा देणाऱ्या एका विमान कंपनीतलं आहे. मी तिथे ऑपरेशन्स कंट्रोल सेंटरमध्ये, म्हणजे ओसीसीत, वेळपालनाचे आकडे बघायचो. कंपनीचं नाव, नेमकी तारीख आणि माणसांची ओळख काढून टाकली आहे. उड्डाणांच्या वेळाही थोड्या सरकवल्या आहेत. घटनांचा क्रम मात्र बदललेला नाही. काळ २०२३-२४ च्या हिवाळी वेळापत्रकाचा.

पार्श्वभूमी

विमान वेळेवर सुटलं की नाही हे ठरवायची जगभर रूढ असलेली मोजपट्टी १५ मिनिटांची आहे. छापील वेळेनंतर १५ मिनिटांच्या आत विमान बेवरून, म्हणजे विमानतळावरच्या आपल्या उभं राहायच्या जागेवरून, हललं तर ते वेळेवर, नाहीतर उशिरा. यात उड्डाणाची वेळ धरत नाहीत. चाकांखालचे चॉक्स, म्हणजे अडकवलेले ठोकळे, निघून, ब्रेक सुटून विमान जागेवरून हलतं ती ऑफ-ब्लॉकची वेळ धरतात. या शब्दार्थात किती काय दडतं, ते पुढे येईलच.

उशीर झाला की त्याला कारणाचा कोड द्यावा लागतो. आयाटाची, म्हणजे विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची, दोन आकडी कोडांची यादी बहुतेक कंपन्या वापरतात. प्रवासी चेक-इन करून गेटवर आलाच नाही तर १५, विमानात तांत्रिक दोष असेल तर ४१, पोहोचायच्या ठिकाणचं हवामान वाईट असेल तर ७२. आणि याच विमानाचं आधीचं उड्डाण उशिरा आलं म्हणून पुढचं उशिरा सुटलं, तर ९३.

हा ९३ बहुतेक ठिकाणी सर्वात जाडजूड रकाना असतो. युरोपात युरोकंट्रोल या हवाई वाहतूक नियोजन संस्थेच्या विश्लेषणातही एकूण उशिरातला जवळपास निम्मा वाटा असा ओढून आणलेला असतो. अमेरिकेत जून २००३ पासून कंपन्या उशिराची कारणं पाच गटांत कळवतात आणि 'आधीचं विमान उशिरा आलं' हा त्यातला एक स्वतंत्र गट आहे. एकच विमान दिवसात सहा-सात उड्डाणं करत असेल तर दुसरं काय होणार? पण ९३ हे खरं तर कारणच नव्हे. तो फक्त सांगतो, 'माझ्याकडे विचारू नका, मागच्याला विचारा.' मागचा त्याच्या मागच्याकडे बोट दाखवतो.

आमचा मुख्य तळ मुंबई. मुंबईत धावपट्ट्या दोन आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. तेव्हा गर्दीच्या तासांत, म्हणजे सकाळी ८ ते ११, संध्याकाळी ५ ते ८ आणि रात्री सव्वानऊ ते सव्वाअकरा, तासाला ४६ पर्यंत विमानं त्या एका पट्टीवरून चढत-उतरत होती. इतकं भरलेलं भांडं जरा हललं तरी सांडतं.

त्या दिवशी काय झालं

जानेवारीतली एक सकाळ. १८० आसनांचं एक ए-३२०. दिवसाची सात उड्डाणं: मुंबई-नागपूर, नागपूर-दिल्ली, दिल्ली-मुंबई, मुंबई-गोवा (मोपा), गोवा-मुंबई, मुंबई-नागपूर आणि रात्री नागपूर-मुंबई.

पहिलं उड्डाण ६:१० चं. सुटलं ६:२८ ला. कोड लिहिला १५, कारण दोन प्रवासी गेटवर आले नव्हते आणि त्यांच्या बॅगा खालून काढाव्या लागल्या. वाटेत सहा मिनिटं भरून निघाली आणि नागपूरला विमान ७:५२ ला लागलं, १२ मिनिटं उशिरा.

नागपूरहून सुटायची वेळ ८:१५. दिल्लीत धुकं होतं. अशा वेळी दिल्लीवर विमानं आभाळात घिरट्या घालत ठेवण्यापेक्षा ती निघतात तिथेच जमिनीवर थांबवतात. प्रत्येकाला उड्डाणाची एक ठरावीक वेळ मिळते, तिला सगळे 'सीटॉट' म्हणतात. आमच्या विमानाला ८:२५ मिळाली होती. ते ८:१५ ला हललं असतं तर आरामात गाठली असती. पण बोर्डिंग पूर्ण होईपर्यंत ८:२५ होऊन गेले आणि नवी वेळ आली, ९:१५.

विमान ८:२९ ला बेवरून हललं. त्या बेची पुढच्या विमानाला गरज होती, म्हणून टॉवरनेही ढकलायला परवानगी दिली. मग ते टॅक्सीवेच्या, म्हणजे धावपट्टीकडे जायच्या रस्त्याच्या, कडेला उभं राहिलं. ९:१५ ला उडालं. बेवरून हलल्यापासून आकाशात जाईपर्यंत ४६ मिनिटं प्रवासी पट्टे बांधून बसले होते. केबिन क्रूच्या नोंदीत आहे की पाणी दोनदा फिरवलं, आणि चौदाव्या रांगेतल्या आजोबांना स्वच्छतागृहात जायचं होतं म्हणून कॅप्टनला विचारून पट्ट्याची खूण बंद केली.

आमच्या अहवालात हे उड्डाण वेळेवर सुटलेलं आहे. ८:१५ चं ८:२९ ला, म्हणजे १४ मिनिटं.

पुढचं सगळं घसरतच गेलं. दिल्लीहून ५३ मिनिटं उशिरा, मुंबईहून ५०, गोव्याहून ४५. आमचे लोक प्रत्येक थांब्यावर दोन-तीन मिनिटं वाचवत होते, बिचारे. गोव्याहून विमान मुंबईला ४:४५ ला यायचं होतं, म्हणजे संध्याकाळची गर्दी सुरू व्हायच्या आधी. ते आलं गर्दीच्या ऐन मध्यात, आणि वाटेत जास्तीची २० मिनिटं गेली. ५:५० ला लागलं. मग नागपूरला निघायला ६५ मिनिटं उशीर, नागपूरहून परतायला ६३. शेवटचं लँडिंगही ९:०५ ऐवजी रात्रीच्या गर्दीत, आणि बेवर यायला १०:१२ झाले.

अडचण नेमकी कुठे होती

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बैठकीत पडद्यावर जे आलं ते असं: सात उड्डाणं, सुटतानाचा एकूण उशीर ३०८ मिनिटं. त्यातली २७६ मिनिटं ९३ खाली. १८ मिनिटं १५ खाली. उरलेली १४ मिनिटं हिशेबातच नाहीत, कारण ते उड्डाण 'वेळेवर'. बैठक पुढच्या विमानाकडे वळली.

मला त्या पडद्यावरच्या तीन गोष्टी खटकल्या.

एक तर २७६ मिनिटांना कुणी धनीच नव्हता. दुसरं, दिवसातला प्रवाशांना सर्वात जाचक वाटला असेल असा तुकडा, ती नागपूरची ४६ मिनिटं, आमच्या आकड्यात दिसत नव्हता. तिसरी गोष्ट सरकारी आकड्यांची. नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीए, दरमहा कंपन्यांचं वेळपालन प्रसिद्ध करतं. बरीच वर्षं ते दिल्ली, मुंबई, बंगळुरू आणि हैदराबाद या चार विमानतळांपुरतं होतं. त्यामुळे नागपूर आणि गोव्याचे उशीर बाहेर कुठे दिसतच नसत, आणि आतही त्यांच्याकडे बघणारा कुणी नव्हता. नागपूरच्या प्रवाशाचा तास दिल्लीच्या प्रवाशापेक्षा स्वस्त असतो का?

शिवाय नियमाने त्या दिवशी कुणालाच काही देणं लागत नव्हतं. अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणांना खाण्यापिण्याची सोय करायची ती दोन तास किंवा त्याहून जास्त उशीर झाला तर. आमचा सर्वात मोठा उशीर तासाभराच्या थोडा पुढे. म्हणून तक्रारींच्या फाइलमध्येही हा दिवस आला नाही.

मुळापर्यंत जाताना

मी ठरवलं की या एका दिवसाचा धागा शेवटपर्यंत ओढायचा. विमान स्वतःच चार क्षणांची वेळ पाठवत असतं: बेवरून हललं, उडालं, टेकलं, बेवर लागलं. त्या चारही वेळा काढल्या. त्यांच्या शेजारी गेटची बोर्डिंग सुरू झाल्याची नोंद ठेवली, आणि इथेच पहिली ठेच लागली. बोर्डिंग ५:३० ला सुरू व्हायला हवं होतं, झालं ५:४२ ला. प्रवासी बेपत्ता असल्याचं कळलं ते त्याच्या कितीतरी नंतर. मग ही बारा मिनिटं कुठली?

विमान रात्री देखभालीच्या जागी होतं. पहाटे टगने, म्हणजे विमान ओढणाऱ्या ट्रॅक्टरने, ओढून ते बेवर आणायचं असतं. ते उशिरा आलं होतं. मी पहाटेच्या पाळीला तिथे जाऊन उभा राहिलो. टग चालवणारे काका थर्मासमधला चहा झाकणात ओतत म्हणाले, "साहेब, पाचच्या सुमाराला दोन विमानं ओढायची असतात आणि टग एकच. पहिल्याचा कागद सही होऊन आला नाही तर दुसऱ्याला सोडून मी जाऊ कसा? आणि आला की दोघंही म्हणतात आमचं आधी." किती दिवस असं चाललंय, विचारलं. म्हणाले, "हिवाळी वेळापत्रक लागल्यापासून."

वेळापत्रक बदलताना पहाटेची दोन उड्डाणं एकमेकांच्या जवळ सरकली होती. टगचा तक्ता कुणी बदलला नव्हता. उशीर झाला की गेटवरची माणसं त्यांना समोर जे दिसेल तो कोड लिहायची. कधी प्रवासी, कधी सामान, कधी धावपट्टीची रांग. खोटं कुणी लिहीत नव्हतं, कारण प्रवासी खरंच आले नव्हते. पण ते वेळेवर आले असते तरीही बारा मिनिटं गेलीच असती.

पहिला निर्णयबिंदू: खापर कुणावर?

इथे आमच्यात खरा वाद झाला. नागपूरला सीटॉट हुकला आणि ४० हून जास्त मिनिटं गेली, ती कुणाच्या नावावर लिहायची? एक बाजू म्हणाली धुक्याच्या, कारण धुकं नसतं तर सीटॉटच नसता. दुसरी बाजू म्हणाली टगच्या, कारण विमान वेळेवर असतं तर सीटॉट मिळाला असता. दोन्ही बाजू बरोबर होत्या. बैठकीत तासभर गेला आणि आवाजही चढले.

शेवटी आम्ही दोन रकाने केले. एकाला 'ठिणगी' नाव दिलं आणि दुसऱ्याला 'वारा'. साखळी जिथून सुरू झाली ती ठिणगी, ती जिथे भडकली तो वारा. त्या दिवसाची ठिणगी टग आणि थोडे प्रवासी. वारा दिल्लीचं धुकं आणि मग मुंबईची संध्याकाळ. वारा आमच्या हातात नाही, पण त्याची दिशा आधी कळते. जानेवारीत दिल्लीला सकाळी जाणाऱ्या विमानाची ठिणगी विझवणं हे जूनमधल्या ठिणगीपेक्षा कितीतरी मोलाचं आहे, हे या दोन रकान्यांमुळे पहिल्यांदा दिसलं.

पर्याय

व्यवस्थापनापुढे चार वाटा ठेवल्या गेल्या.

सर्वात सोपी वाट म्हणजे छापील वेळ वाढवणं. मुंबई-नागपूर दीड तासाचं आहे, ते पावणेदोन तासांचं छापायचं. काही न करता आकडा सुधारतो. जगभर हे होतं आणि थोड्या प्रमाणात ते प्रामाणिकही आहे, कारण संध्याकाळी मुंबईत उतरायला खरंच जास्त वेळ लागतो. पण सगळीकडे पंधरा-पंधरा मिनिटं घातली तर दिवसाचं एक उड्डाण हातचं जातं. मुंबईचे स्लॉट, म्हणजे उडण्या-उतरण्याच्या नेमून दिलेल्या वेळा, घड्याळाला बांधलेले, ते आपल्या सोयीने सरकत नाहीत. आणि पहाटेचा टग आहे तिथेच राहतो.

दुसरी, मुंबईत एक विमान राखीव ठेवायचं. आमच्यासारख्या मध्यम कंपनीला हे झेपणारं नव्हतं, त्यावर फार चर्चा झालीच नाही.

तिसरी, दुपारी मुंबईत रोटेशनला, म्हणजे एका विमानाच्या दिवसभराच्या उड्डाणांच्या साखळीला, एक मोठी फट ठेवायची. ४५ मिनिटांचा थांबा ८० चा करायचा, म्हणजे सकाळचा उशीर तिथेच गिळला जाईल आणि संध्याकाळच्या गर्दीपर्यंत पोहोचणार नाही. गावाकडे वणवा अडवायला जाळपट्टा काढतात, तसं. त्याची किंमत म्हणजे गोव्याचं उड्डाण पुढे सरकणार, आणि ते प्रवाशांना तितकं सोयीचं राहणार नाही.

चौथी, मोजायची पद्धतच बदलायची: प्रत्येक ९३ ला त्याचं मूळ उड्डाण आणि मूळ कोड लिहायचाच.

विमानं अदलाबदल करायचा पर्याय त्या दिवशी दुपारीही होता. मुंबईत आमचं दुसरं विमान १२:४० ला आलं होतं आणि ते २:१० ला निघणार होतं. ते गोव्याला पाठवलं असतं तर गोवा जवळपास वेळेवर सुटलं असतं. ड्यूटी मॅनेजरने नकार दिला. कारण त्या दुसऱ्या विमानाची रात्र अहमदाबादला होती, आणि आमच्या विमानाची रात्रीची तपासणी फक्त मुंबईत होऊ शकत होती. मी तेव्हा नाराज झालो होतो. नंतर तक्ता नीट पाहिला आणि पटलं, त्यांच्या जागी मीही तेच केलं असतं.

काय केलं

तिसरी आणि चौथी वाट एकत्र घेतली. आधी मुंबईतून पहाटे निघणाऱ्या मोजक्या विमानांसाठी, फेब्रुवारीपासून.

टगचा तक्ता बदलला. पहिल्या उड्डाणाचं विमान सुटायच्या तासभर आधी बेवर असलंच पाहिजे, आणि देखभालीची सही त्या वेळेला बांधलेली. कोड लिहायचं काम गेटवरून काढून ओसीसीकडे आणलं. गेटने फक्त काय घडलं ते साध्या शब्दांत लिहायचं. ज्याच्यावर बोट येणार त्यानेच कोड लिहायचा, ही जुनी पद्धत मुळातच चुकीची होती.

बेवरून हलणं आणि उडणं यातलं अंतर वेगळं मोजायला लागलो. ठरावीक मर्यादेपलीकडे गेलं तर ते उड्डाण 'वेळेवर' असलं तरी सकाळच्या बैठकीत वाचलं जाणार. रद्द झालेलं उड्डाणही आमच्या आतल्या हिशेबात उशिरा धरायचं ठरलं. नाहीतर रद्द केलेलं उड्डाण वेळपालनाच्या टक्केवारीतून गायबच होतं, आणि वाईट दिवशी जितकी जास्त रद्द कराल तितका आकडा गोंडस दिसतो. याच जानेवारीत धुक्यातल्या गोंधळानंतर डीजीसीएने सूचना काढली होती, तीन तासांपेक्षा जास्त उशीर होईल असं दिसलं तर कंपन्या उड्डाण पुरेसं आधी रद्द करू शकतात. प्रवाशाच्या दृष्टीने ती योग्यच होती. पण त्यामुळेच रद्द उड्डाणांचा हिशेब स्वच्छ ठेवणं जास्त गरजेचं झालं.

परिणाम

पहिले काही आठवडे आमचा आकडा घसरला. नागपूरला आता सीटॉट लांबला की प्रवाशांना टर्मिनलमध्येच बसवत, आणि त्यामुळे १४ मिनिटांचं 'वेळेवर' खरोखरच तासाभराचं 'उशिरा' व्हायला लागलं. व्यवस्थापनातून फोन आले. नागपूरच्या स्टेशन मॅनेजरने मला विचारलं, "भाऊ, खरं लिहिलं म्हणून मार आम्हीच खायचा का?" माझ्याकडे तेव्हा चांगलं उत्तर नव्हतं. आमच्या प्रमुखांनी मात्र लेखी कळवलं की या काळात नागपूरच्या आकड्यावरून कुणाचं मूल्यमापन होणार नाही. त्या एका ओळीने बरंच साधलं. नंतर नागपूरकडून येणारी टिपणं सगळ्या स्टेशनांत सर्वात नीट असायची.

पहाटेच्या ठिणग्या खरोखर कमी झाल्या. दुपारच्या फटीमुळे सकाळचा उशीर गोव्यापर्यंत जायचा थांबला. देखभाल विभागाशी संबंध काही काळ बिघडले, कारण त्यांच्या नावावर अचानक मिनिटांचे डोंगर दिसू लागले. साखळीतली सगळी मिनिटं मुळाच्या नावावर टाकली की १२ मिनिटांचा माणूस ३०० मिनिटांचा आरोपी ठरतो. हे आम्ही आधी ओळखायला हवं होतं.

संध्याकाळच्या सुधारणेचं श्रेय मात्र घेता आलं नाही. त्याच फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारने मुंबईच्या उड्डाणांना कात्री लावली: गर्दीच्या तासांत ४६ ऐवजी ४४, इतर वेळी ४४ ऐवजी ४२, आणि खासगी विमानांना बंदीचे तास चारवरून आठ. मुंबईवर विमानं ४०-४० मिनिटं, कधी तासभर घिरट्या घालत होती, हे मंत्रालयानेच सांगितलं होतं. तासाला साधारण २,००० किलो इंधन जळतं, त्यामुळे ४० मिनिटांत सुमारे पावणेदोन लाख रुपये हवेत जातात, असा त्यांचा हिशेब होता. घिरट्या कमी झाल्यावर आमची संध्याकाळही सुधारली. आमच्या फटीमुळे किती आणि या कपातीमुळे किती, हे वेगळं काढायला दोन्ही बदल वेगवेगळ्या महिन्यांत यायला हवे होते. सादरीकरणात एका सहकाऱ्याने संध्याकाळचा आलेख घातला होता, तो मी काढायला लावला.

पुन्हा करायचं झालं तर

पहाटे टगपाशी मी तिसऱ्या आठवड्यात गेलो. पहिल्या दिवशी जायला हवं होतं. माहितीचे तक्ते जोडण्यात जे दिवस घालवले, त्याचं उत्तर एका माणसाला तोंडपाठ होतं आणि त्याला कुणी विचारलं नव्हतं.

मूळ कारणाच्या मिनिटांना दंडाशी आणि कंत्राटाशी जोडायची घाई झाली. ग्राउंड हँडलिंगच्या, म्हणजे विमानतळावरच्या प्रवासी-सामानाच्या कामांच्या, कंत्राटात कोड १५ आणि सामानाच्या कोडांवर दंड होता. नवी पद्धत आल्याबरोबर प्रत्येक मिनिटावर भांडण सुरू झालं. निदान एक हंगाम तरी हे आकडे फक्त शिकण्यासाठी ठेवायला हवे होते.

आणि उड्डाणं मोजण्याऐवजी माणसं मोजायला हवी होती. भरलेलं विमान अर्धा तास उशिरा आणि निम्मं रिकामं विमान अर्धा तास उशिरा, दोन्ही आमच्या तक्त्यात एकच ओळ. मुंबईत उतरून पुढचं विमान पकडणाऱ्याचं २० मिनिटांनी ते हुकलं आणि दुसरं सकाळी मिळालं, तर त्याचा उशीर बारा तासांचा. तो आमच्याकडे २० मिनिटांचाच राहिला. तिकिटांची माहिती आणि उड्डाणांची माहिती दोन वेगळ्या विभागांकडे होती, आणि ती जोडायचं काम मी कंपनी सोडेपर्यंत 'पुढच्या तिमाहीत' होतं.

टगचा नवा तक्ता पुढच्या उन्हाळी वेळापत्रकाच्या वेळी पुन्हा तपासायचा, ही ओळ आता वेळापत्रक बदलायच्या यादीत कायमची घातलेली आहे. तिच्यापुढे सही टग चालवणाऱ्या पाळीप्रमुखाची लागते.